माळ्यावरच्या व्हिडिओ कॅसेट डीव्हीडीवर उतरवताना: कुठे अडतं आणि कसं सोडवायचं

आमची इमारत पुनर्विकासाला गेली आणि माळा रिकामा करताना एक जुनी सुटकेस खाली आली. आत तेवीस व्हिडिओ कॅसेट. ‘बंड्याची मुंज, भाग २’ (भाग १ कुठे गेला ते देवाला ठाऊक), माझं लग्न, आत्याकडचे गणपती, आणि चार-पाच कॅसेटींवर चिकटपट्टीच्या पिवळ्या डागाशिवाय काही नाही.

पहिल्या दोन कॅसेट मी एका दुकानात दिल्या. डिस्क आली तीत सगळे वऱ्हाडी आडवे पसरलेले, आणि भटजींचे ओठ मिटल्यावर मंगलाष्टकं ऐकू येणारी. तेव्हा ठरवलं, उरलेल्या घरीच उतरवायच्या. पहिला महिना सॉफ्टवेअरं बदलण्यात गेला. चौथं सॉफ्टवेअर टाकून झाल्यावर कळलं की दोष व्हीसीआरच्या हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, साचलेल्या मळाचा होता.

म्हणून हा लेख ज्या वाटेने चित्र वाहतं त्याच वाटेने लिहिते आहे: कॅसेट, व्हीसीआर, वायर, कॅप्चरची कांडी (व्हीसीआरचं चित्र-आवाज कॉम्प्युटरला समजेल असं करून देणारं यूएसबीचं छोटं यंत्र), कॉम्प्युटर, आणि सगळ्यात शेवटी डिस्क. अडलं की याच क्रमाने तपासा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोष दिसतो कॉम्प्युटरच्या पडद्यावर, त्यामुळे आपण कॉम्प्युटरशीच भांडत बसतो. तो बिचारा बहुतेक वेळा निर्दोष असतो.

आधी मुहूर्त बघा

हे काम मुंबईत जून ते सप्टेंबरमध्ये काढू नका. दमट हवेत दोन गोष्टी होतात. एक, कॅसेटच्या फितीवर बुरशी धरते. दुसरी, एसीच्या खोलीतून बाहेर आणलेल्या व्हीसीआरच्या आत दव धरतं आणि ओल्या ड्रमला (हेड ज्यावर बसवलेले असतात त्या फिरत्या नळकांड्याला) फीत चिकटून गुंडाळली जाते. चांगल्या व्हीसीआरमध्ये दव ओळखणारा सेन्सर असतो, मशीन चालायलाच नकार देतं. ते बिघडलंय असं समजून ठोकू नका. दोन-तीन तास तसंच चालू ठेवा, आतलं पाणी उडालं की आपोआप चालतं. दिवाळी ते होळी हा काळ सर्वात बरा.

पायरी १: कॅसेट हातात घ्या, मशीनमध्ये नको

कॅसेटच्या पुढचं झाकण उघडून फीत बघायची. बाजूला एक छोटं बटण असतं, ते नखाने दाबलं की झाकण वर उचलता येतं. मग खिडकीतून गुंडाळ्याची कड उजेडात धरा. कड गुळगुळीत, काळी-तपकिरी दिसली तर ठीक. पांढरी भुकटी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी.

बुरशीची कॅसेट व्हीसीआरमध्ये घालायची नाही. एकदा घातली की बुरशी हेडवर जाते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर. ती वेगळ्या पिशवीत बांधा. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून काही दिवस ठेवल्या की बुरशी सुकते. सुकलेली बुरशी घरात झाडायची नाही. गच्चीत, तोंडाला मास्क लावून, कोरड्या मऊ कपड्याने फितीवरून हळूच पुसायची. मी दोन कॅसेटी अशा केल्या. एक धड निघाली, दुसरीत मधली दहा मिनिटं गेली. ज्या कॅसेटमध्ये गेलेल्या माणसाचा एकमेव आवाज असेल तिच्यावर मात्र प्रयोग करू नका, ती हे काम रोज करणाऱ्याकडे द्या.

२६ जुलै २००५ला ज्यांच्या घरात पाणी शिरलं होतं त्यांच्याकडे चिखल सुकलेल्या कॅसेटी असतात. माझ्या मावसबहिणीकडे कलिन्यात अशी एक पेटी आहे. सुकलेला चिखल सँडपेपरचं काम करतो. या कॅसेटी कोणत्याही कारणाने घरी चालवून बघू नका.

बाकीच्या कॅसेटींसाठी दोन किरकोळ पण महत्त्वाची कामं. कॅसेटच्या मागच्या कडेला एक छोटा प्लास्टिकचा तुकडा असतो, तो असेल तर मोडून टाका. त्यामुळे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी वर काही छापलं जात नाही. आणि प्रत्येक कॅसेट चालवण्याआधी एकदा शेवटापर्यंत पुढे आणि मग पूर्ण मागे गुंडाळून घ्या. पंचवीस-तीस वर्षं एकाच स्थितीत पडलेली फीत कुठे घट्ट, कुठे सैल असते. न गुंडाळता लावली तर चित्र दर काही मिनिटांनी थरथरतं.

फीत तुटली असेल तर घाबरू नका. व्हीएचएसचं कवच पाच स्क्रूंचं असतं. दुसऱ्या निकामी कॅसेटचं कवच घेऊन रीळ त्यात बसवता येतात. फक्त तुटलेली टोकं साध्या सेलोटेपने जोडू नका, त्याचा गोंद उन्हाळ्यात पाझरतो आणि हेडवर बसतो. जोडायची खास पट्टी मिळते, तीच वापरा, आणि ती फितीच्या मागच्या बाजूला लावा. चुंबकीय लेपाच्या बाजूला नाही.

पायरी २: चालणारा व्हीसीआर

नवा मिळणार नाही. जगात शेवटपर्यंत व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली उत्पादन थांबवलं. म्हणजे आता जे आहे ते जुनंच. आधी नातेवाइकांना विचारा. नव्वद साली कुणाच्या तरी बोहल्यावर भेट आलेलं मशीन अजून क्रोशाच्या कव्हरखाली झाकून ठेवलेलं असतं. नाही मिळालं तर चोर बाजारातली मटण स्ट्रीट आणि लॅमिंग्टन रोड. बोर्डावर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं असेल, विचारताना लॅमिंग्टन रोडच म्हणा. तिथे जाताना खिशात एक कॅसेट ठेवा. लाखमोलाची नको, टाकून दिली तरी चालेल अशी. दुकानदाराला ती पाच मिनिटं चालवून, पुढे-मागे गुंडाळून, बाहेर काढून दाखवायला सांगा. कॅसेट परत बाहेर आली आणि फीत चुरगळली नाही, तर मशीन घेण्याजोगं.

फीत खाणाऱ्या मशीनमध्ये बहुधा रबर संपलेलं असतं. आतले पट्टे सैल झालेले, किंवा फीत दाबून ओढणारं रबरी चाक दगडासारखं कडक झालेलं. हे बदलणारे जुने मेकॅनिक अजून आहेत, पण तुमच्या घराजवळचा आता मोबाइलच्या काचा बदलत असेल. शोधावा लागतो.

हेड साफ करणं स्वतः करता येतं. प्लग काढायचा, वरचं झाकण उघडायचं. मधला चकचकीत तिरका ड्रम दिसतो. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शॅमॉय चामड्याचा किंवा धागे न सुटणारा कापडाचा तुकडा. ओला तुकडा ड्रमला हलकेच टेकवून धरायचा आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरच्या बाजूने फिरवायचा. तुकडा वर-खाली हलवायचा नाही, हेडचं टोक केसाएवढं नाजूक असतं आणि उभ्या घासण्याने तुटतं. कान कोरायचा कापूस तर मुळीच नको, त्याचे तंतू हेडमध्ये अडकतात. काम झाल्यावर अर्धा तास सुकू द्या.

माझा महिनाभराचा प्रश्न या पाच मिनिटांत सुटला होता. पडद्यावर सगळ्या मुंग्याच मुंग्या आणि आवाज मात्र स्वच्छ, ही मळलेल्या हेडची खूण. साध्या व्हीएचएसमध्ये आवाज फितीच्या कडेवर वेगळ्या पट्टीत असतो आणि वेगळ्या हेडने वाचला जातो, म्हणून तो शाबूत राहतो. मुंग्या पडद्याच्या वरच्या किंवा खालच्या भागातच आडव्या पट्ट्यात असतील तर मात्र ट्रॅकिंगचं बटण फिरवा. ज्या मशीनवर कॅसेट भरली त्याची आणि तुमच्या मशीनची जुळणी थोडी वेगळी असते. एकाच कॅसेटमध्ये मुंज आणि वाढदिवस वेगवेगळ्या कॅमेऱ्यांनी भरलेले असतील तर दोन्हींना ट्रॅकिंग वेगळं लागेल.

पायरी ३: आधी टीव्ही, मग कॉम्प्युटर

ही पायरी गाळू नका. व्हीसीआर थेट टीव्हीला लावा आणि दहा मिनिटं बघा. पिवळी पिन चित्राची, पांढरी-लाल आवाजाची. नव्या एलईडी टीव्हीला ही भोकं दिसत नसतील तर मागे एव्ही लिहिलेलं हेडफोनएवढं एकच भोक असतं, त्याची वेगळी वायर मिळते.

जो दोष टीव्हीवरही दिसतो तो कॅसेटचा, व्हीसीआरचा किंवा वायरचा. कॉम्प्युटर उघडूही नका. टीव्हीवर चित्र ठीक आणि कॉम्प्युटरवर फाटलेलं असेल तर गोष्ट वेगळी, आणि ती जरा समजून घ्यायला हवी.

व्हीसीआरमध्ये फीत रबर आणि चाकांवर चालते, त्यामुळे चित्राची प्रत्येक ओळ अगदी ठरल्या क्षणी येत नाही, किंचित मागेपुढे होते. जुना टीव्ही हे निमूट खपवून घेई. कॅप्चरची कांडी घेत नाही. तिला वेळेवर आलेल्या ओळी हव्यात. म्हणून टीव्हीवर बरं दिसणारं चित्र कॉम्प्युटरवर वरच्या बाजूला झेंड्यासारखं फडफडतं, उभे खांब वाकडे दिसतात, मधूनच अख्खं चित्र उडी मारतं. यावरचं औषध म्हणजे टाइम बेस करेक्टर, म्हणजे ओळी आत घेऊन, रांगेत लावून बाहेर सोडणारं यंत्र. ते महाग आणि दुर्मीळ. पण काही चांगल्या व्हीसीआरमध्ये ते आतच असतं, आणि गरिबाचा उपाय म्हणजे जुना डीव्हीडी रेकॉर्डर. व्हीसीआर त्याला जोडा, त्याचं आउट कांडीला जोडा. रेकॉर्ड काही करायचं नाही, सिग्नल फक्त त्यातून जाऊ द्यायचा. बऱ्याच रेकॉर्डरांत एवढ्यानेच चित्र सरळ उभं राहतं. मिनी-डीव्ही कॅमेरा असेल तर त्यातल्या काहींनाही असं मध्ये बसवता येतं. माझ्या एकवीसपैकी सहा कॅसेटी या युक्तीशिवाय निघाल्याच नसत्या.

पायरी ४: वायर आणि वीज

जुन्या व्हीसीपीला, म्हणजे रेकॉर्ड न करता फक्त कॅसेट दाखवणाऱ्या मशीनला, आवाजाचं बहुधा एकच भोक असतं. ते पांढऱ्या पिनेला लावलं की कॉम्प्युटरवर आवाज फक्त डाव्या कानात येतो. बिघाड नाही, मोनो आहे. एकाचे दोन करणारी वायर लावा किंवा नंतर सॉफ्टवेअरमध्ये मोनो करा.

चित्रात वर सरकणारी जाड फिकट पट्टी आणि मागे घूं असा आवाज हा अर्थिंगचा गोंधळ. व्हीसीआर, लॅपटॉप सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावा. व्हीसीआरला मागून केबलवाल्याची वायर लावलेली असेल तर ती काढा. तरीही गेलं नाही तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. आवाज थांबला तर चोर सापडला.

पायरी ५: कॅप्चर

कांडी विकत घेताना यूएसबीची, पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांची घ्या. ‘एव्ही टू एचडीएमआय’ असं लिहिलेला स्वस्त डबा घेऊ नका. तो चित्र स्वतःच्या बुद्धीने ताणतो आणि रुंद पडद्याला बसवतो. माझ्या दुकानदाराने बहुतेक हेच वापरलं असावं, म्हणून सगळी वरात जाडी झाली होती. कांडी कॉम्प्युटरला थेट लावा, यूएसबी हबमधून नाही. डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूला.

आता आकडे. आपल्याकडच्या कॅसेटी पाल पद्धतीच्या: ६२५ ओळी, सेकंदाला २५ चित्रं. कांडीच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पाल बी’ आणि ७२० बाय ५७६ निवडा. मुळात तिथे एनटीएससी, म्हणजे अमेरिकेतली पद्धत, निवडलेली असते आणि नवशिक्यांचे निम्मे फोन त्याच्यामुळे येतात: चित्र कृष्णधवल, किंवा सतत वर सरकणारं, किंवा खालचा भाग कापलेला. उलट, अमेरिकेतल्या मामाने पाठवलेली कॅसेट खरोखरच एनटीएससी असते, सेकंदाला २९.९७ चित्रं आणि ७२० बाय ४८०. तिला दोन्ही पद्धती वाचणारा व्हीसीआर लागतो. आपल्या साध्या मशीनवर ती रंगहीन आणि पळणारी दिसेल, कांडीत काहीही बदललं तरी.

सगळं बरोबर असून रंग नाही? मग पिवळी पिन नीट बसली आहे का बघा. एस-व्हिडिओच्या गोल भोकात अॅडॉप्टर लावून पिवळी वायर घातली असेल तरीही रंग गायब होतो, कारण त्या भोकात उजेड आणि रंग वेगळ्या पिनांवर येणं अपेक्षित असतं.

आवाज अजिबात येत नाही आणि वायर ठीक आहे, असं असेल तर विंडोजची सेटिंग्ज उघडा. विंडोज १० आणि ११मध्ये कांडीचा आवाज मायक्रोफोन समजला जातो. प्रायव्हसीमध्ये मायक्रोफोनची परवानगी बंद असेल तर रेकॉर्डिंग मुकं होतं. तिथेच खाली डेस्कटॉप अॅपसाठी वेगळी परवानगी असते, तीही चालू करा. या एका बटणाने माझा एक रविवार खाल्ला.

सॉफ्टवेअर कोणतं? फक्त फोनवर आणि पेनड्राइव्हवर बघायचं असेल तर ओबीएस स्टुडिओ पुरे. त्यात कांडीच्या चित्रावर उजवी क्लिक करून डीइंटरलेसिंगमध्ये (पायरी ७मधल्या कंगव्यासारख्या रेघा काढण्याची सोय) ‘याडिफ २एक्स’ निवडा, कॅनव्हास ७६८ बाय ५७६ आणि वेग सेकंदाला ५० ठेवा. डीव्हीडी करायची असेल तर वर्च्युअलडब. दिसायला रुक्ष आहे, पण चित्र जसं येतं तसं घेतं आणि किती चित्रं गळाली ते आकड्यात दाखवतं. त्यात ह्यूफवाययूव्हीसारखा काही न गाळणारा कोडेक, म्हणजे चित्र आवळून साठवण्याची पद्धत, वापरा. तासाला ३५ जीबीच्या आसपास जागा लागेल. घाबरू नका, डिस्क झाल्यावर ती फाइल लहान करता येते. काहीच न आवळता ठेवलं असतं तर तासाला ७५ जीबी लागले असते.

थेट डीव्हीडीच्या एमपेग-२मध्ये कॅप्चर करण्याचा मोह टाळा. कॅसेट दर वेळी चालताना थोडी झिजते. एकदाच नीट उतरवा, मग त्या फाइलच्या हव्या तितक्या डिस्क करा, चुकल्या तर परत करा.

रेकॉर्डिंग बरोब्बर ४ जीबीला थांबतंय? बाहेरची हार्ड डिस्क फॅट३२मध्ये फॉरमॅट केलेली आहे. त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊच शकत नाही. आतलं सगळं दुसरीकडे हलवून ती एनटीएफएस किंवा एक्सफॅटमध्ये करा. आणि कॅप्चर चालू असताना लॅपटॉप झोपणार नाही, अपडेट सुरू होणार नाही, आणि घरातलं कुणी त्यावर सिनेमा लावणार नाही, याची व्यवस्था करा. तिसरी सर्वात अवघड.

उजेडाकडे पहिल्या मिनिटालाच लक्ष द्या. शूटिंगवाल्याच्या हॅलोजनखाली पांढरं धोतर आणि नऊवारीचे काठ जळून गेलेले असतात. कांडीच्या प्रॉपर्टीजमध्ये ब्राइटनेस थोडा कमी करून धोतराच्या चुण्या दिसू लागतात का बघा. कॅप्चर होताना जे पांढरंफटक झालं ते नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही.

कधी कधी सॉफ्टवेअर म्हणतं की कॅसेटला कॉपी संरक्षण आहे. घरगुती बारशाला कुठलं संरक्षण! जुन्या कॅसेटचा कमजोर, डुगडुगणारा सिग्नल काही कांड्यांना विकत मिळणाऱ्या सिनेमाच्या कॅसेटीसारखा वाटतो. हेड साफ करा, दुसरा व्हीसीआर लावून बघा, किंवा वर सांगितलेला रेकॉर्डर मध्ये घाला.

पायरी ६: ओठ आणि आवाज

हा सगळ्यात छळणारा दोष, म्हणून सविस्तर.

जिथे आवाज आणि हालचाल एकाच क्षणी होते असा प्रसंग शोधा. मराठी कार्यात तो असतोच: नारळ फोडणं. सुरुवातीचा एक नारळ आणि कॅसेटच्या शेवटाकडचा एक नारळ किंवा फटाका निवडा, आणि चित्र व आवाज यांत किती फरक आहे ते दोन्ही ठिकाणी मोजा.

दोन्हीकडे फरक सारखाच असेल, समजा अर्धा सेकंद, तर सोपं आहे. एडिटिंगमध्ये आवाजाची पट्टी अर्धा सेकंद सरकवा, संपलं.

सुरुवातीला जुळतंय आणि शेवटी तीन सेकंद चुकतंय, तर आवाज सरकवून काही होणार नाही. अर्थ असा की वाटेत चित्रं गळाली, किंवा चित्र आणि आवाज दोन वेगळ्या घड्याळांवर चालले होते. आधी बघा, आवाज कांडीतूनच घेताय ना? काहीजण चित्र कांडीतून आणि आवाज लॅपटॉपच्या माइकच्या भोकातून घेतात. दोन यंत्रं, दोन घड्याळं, दोन तासांत फरक पडणारच. मग वर्च्युअलडबमधला गळालेल्या चित्रांचा आकडा बघा. तो वाढत असेल तर हार्ड डिस्क हळू आहे, कांडी हबमध्ये आहे किंवा मागे काहीतरी चालू आहे. आवाज ४८ किलोहर्ट्झवरच ठेवा, डीव्हीडीला तोच लागतो. ४४.१ हा ऑडिओ सीडीचा आकडा.

आणखी एक जागा: मुंज संपली, मग दोन मिनिटं कोरी फीत, मग वाढदिवस. कोऱ्या भागात व्हीसीआर निळा पडदा दाखवतो, कांडीचा ठेका सुटतो आणि त्यानंतरचं सगळं बेताल होतं. व्हीसीआरच्या मेन्यूत निळा पडदा बंद करता आला तर करा. नाहीतर मुंज वेगळी आणि वाढदिवस वेगळा कॅप्चर करा. मी शेवटी तेच केलं आणि डोकं शांत झालं.

पायरी ७: जे दोष नाहीत

कॉम्प्युटरवर बघताना हालणाऱ्या हातांच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. जुन्या टीव्हीचं चित्र एक आड एक ओळींनी, दोन फेऱ्यांत काढलं जाई, त्या फेऱ्या इथे एकत्र दिसतात. डीव्हीडीसाठी त्या तशाच ठेवा, टीव्हीवर दिसणार नाहीत. फोनसाठी केलेल्या फाइलमध्येच काढा. मात्र टीव्हीवर डिस्क लावल्यावर हालचाल झटक्याझटक्याने, मागेपुढे होत असेल तर फेऱ्यांचा क्रम उलटा झाला आहे. व्हीएचएस कांडीतून घेतल्यावर बहुधा वरची ओळ आधी असते, मिनी-डीव्हीची फाइल असेल तर खालची आधी. डीव्हीडीच्या सॉफ्टवेअरमध्ये हा क्रम बदलता येतो.

चित्राच्या तळाशी काही ओळी वळवळतात, ती दोन हेडांच्या अदलाबदलीची जागा. जुन्या टीव्हीच्या चौकटीआड ती लपायची. हवी तर काळ्या पट्टीने झाका. कापून चित्र ताणू नका.

पायरी ८: डिस्क

नव्या लॅपटॉपला डिस्कचं तोंड नसतं, तेव्हा बाहेरून लावायचा राइटर लागतो. तो मध्येच बंद पडत असेल तर त्याला यूएसबीतून वीज पुरत नाही. दोन टोकांची वायर असेल तर दोन्ही टोकं लावा.

४.७ जीबीची कोरी डीव्हीडी कॉम्प्युटरला ४.३८ दिसते. फसवणूक नाही, मोजायची पद्धत वेगळी. तेवढ्यात किती मावतं? दीड तास ६ एमबीपीएसने (सेकंदाला ६ मेगाबिट) चांगला बसतो, दोन तास साडेचारने चालतो. तीन तासांची ई-१८० कॅसेट एका डिस्कवर कोंबायला गेलात तर चौकोन-चौकोन दिसतील. शिवाय व्हीएचएसमधल्या मुंग्याही सॉफ्टवेअरच्या दृष्टीने बारीक तपशीलच असतात, ते त्यांच्यावर जागा खर्च करतं आणि चेहऱ्यांना कमी उरते. सरळ दोन डिस्क करा.

नवशिक्यांची नेहमीची चूक: एमपीफोर फाइल डिस्कवर ओढून टाकणं. ती डेटा डिस्क झाली. कॉम्प्युटरवर चालेल, काकांच्या जुन्या प्लेअरवर नाही. प्लेअरला व्हिडिओ डीव्हीडी हवी, म्हणजे आत ‘व्हिडिओ_टीएस’ नावाचा फोल्डर. डीव्हीडीस्टाइलरसारखं मोफत सॉफ्टवेअर तो बनवतं. त्यात पाल आणि ४:३ निवडा. आधी फक्त हार्ड डिस्कवर इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची एक फाइल, बनवा, व्हीएलसीमध्ये चालवून नारळ तपासा, आणि मगच इम्गबर्नने राइट करा. वेग ४एक्स किंवा ८एक्स. सगळ्यात जास्त वेगाने राइट केलेली डिस्क तुमच्याकडे चालते आणि दुसऱ्याकडे अडखळते. राइट झाल्यावर तपासणीचा पर्याय चालू ठेवा. जुन्या प्लेअरसाठी अधिकवाल्यापेक्षा (डीव्हीडी+आर) वजावाली, म्हणजे डीव्हीडी-आर, घ्या आणि डिस्क फायनलाइझ झाली, म्हणजे दुसऱ्या प्लेअरवर चालण्यासाठी बंद केली गेली, आहे ना ते बघा.

डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नका. फिरताना तोल जातो आणि मुंबईच्या हवेत एक कड सुटून प्लेअरमध्ये अडकते. पाण्याच्या शाईच्या मऊ मार्करने वरच्या बाजूला लिहा. आणि डिस्क म्हणजे कायमची प्रत असं समजू नका, तिच्यावरही दमट हवेत डाग पडतात. मोठी फाइल एका हार्ड डिस्कवर घरी ठेवा, दुसरी प्रत दुसऱ्या घरी. माझी पुण्याला भावाकडे असते.

मूळ कॅसेटी लगेच भंगारवाल्याला देऊ नका. उभ्या ठेवा, सिलिका जेलसह बंद डब्यात, स्पीकरपासून लांब. मी ‘बंड्याची मुंज, भाग २’ दोनदा कॅप्चर केली. पहिल्या वेळी भिक्षावळीचा भाग मुंग्यांनी भरला होता, हेड साफ केल्यावर दुसऱ्या वेळी स्वच्छ आला.

कॅप्चर चालू असताना बसूनच राहावं लागतं, तर घरातल्या सर्वात वयस्कर माणसाला शेजारी बसवा आणि एक वही घ्या. मिनिट आणि नाव: ‘४२व्या मिनिटाला हिरव्या शालूतली, गिरगावच्या वाड्यातली ताई’. आईने माझ्या वहीची नऊ पानं भरली. तीन चेहऱ्यांपुढे अजून प्रश्नचिन्ह आहे, त्यांचे फोटो काढून घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकले आहेत.